पेन्शनमधली सुलोचना, आधारमधली आक्काताई

मार्च २०२२. भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवरून पुतण्यानं रात्री काकूला गाडीत घातलं आणि गारगोटी मागे टाकून थेट कोल्हापूर गाठलं. छातीत कळ, डावा हात जड, घामानं लुगडं भिजलेलं. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जायचं की आणखी कुठं, यावर गाडीतच वाद झाला आणि शेवटी वाटेवरच्या पहिल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात दाखल केलं. पहाटे अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला आणि बाई वाचल्या. पाचव्या दिवशी बिल हातात पडलं, १ लाख ९२ हजार रुपयांचं. ते हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत नव्हतं, आणि मध्यरात्री ते विचारायला कुणाला सुचतं? बोरमाळ पतसंस्थेत गहाण पडली. उरलेल्या पैशासाठी पुतण्यानं दूध संस्थेतून उचल घेतली.

या बाईंचे मालक १९७४ ते १९९१ अशी सतरा वर्षं फौजेत होते. नाईक म्हणून निवृत्त झाले आणि २०१२ साली वारले. बाईंना फॅमिली पेन्शन आहे. म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेवर, ईसीएचएसवर, त्यांचा पूर्ण हक्क होता. पण कार्ड नव्हतं, आणि दाखल झाल्या त्या दिवशी सदस्यत्व नसेल तर नंतर कितीही कागद जोडले तरी परतावा मिळत नाही. ते १ लाख ९२ हजार गेले ते गेलेच.

मी फौजेत क्लार्क होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण गावाकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’च म्हणतात, तसा मीही मेजर. आसपासच्या खेड्यांतले माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्या बायका कागदं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतलं हे एक प्रकरण मी बाईंच्या आणि पुतण्याच्या परवानगीनं सविस्तर लिहितो आहे. बाईंची कागदांवरची दोन्ही नावं बदलली आहेत, पण त्यांच्यातला फरक होता तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या फरकावरच उभं आहे.

कार्ड का नव्हतं?

पहिलं कारण हजार रुपयांचं. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्यानंतर पेन्शनवर येणाऱ्यांना सदस्य व्हावंच लागतं, पण आधी निवृत्त झालेल्यांना निवड होती. जे सदस्य झाले नाहीत त्यांना पेन्शनबरोबर फिक्स्ड मेडिकल अलाउन्स मिळतो. आधी तो महिना १०० रुपये होता, मग ३००, मग ५०० आणि जुलै २०१७ पासून १०००. बाई त्याला ‘औषधाचं हजार’ म्हणत. कार्ड काढलं की ते हजार बंद होतात, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि त्यांच्या विधवांना सदस्यत्वाची वर्गणी भरावी लागत नाही, हे मात्र त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. आधीपासूनचा आजार चालतो, वयाची अट नाही, उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही, हेही नाही. चार घरी विचारलं तर चारही ठिकाणी फक्त हजार रुपयांचा हिशेब ऐकायला मिळाला. त्या हिशेबाला मी नावं ठेवत नाही. ज्या घरात मीठमिरचीचा खर्च पेन्शनवर चालतो, तिथं वर्षाचे बारा हजार ही मोठी रक्कम आहे.

दुसरं कारण अंतराचं. ईसीएचएसचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक, कोल्हापुरात. वाडीवरून गारगोटी, तिथून एसटीनं कोल्हापूर. जाऊन यायला दिवस मोडतो. घरी चाळिशीचा मुलगा, जन्मापासून बुद्धीनं अधू, त्याला एकटं ठेवता येत नाही.

तिसरं कारण बाईंनी शेवटी सांगितलं, तेही मान खाली घालून. २०१५ च्या सुमारास त्या एकदा फॉर्म भरायला गेल्या होत्या. कागद बघणाऱ्यानं विचारलं, “ह्या सुलोचना कोण?”

ताटातल्या तांदळावरचं नाव

लग्न १९७९ सालचं. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं गेलं, सुलोचना. जवान रजा संपवून युनिटला गेला आणि ऑफिसात लग्नाची नोंद द्यायला उभा राहिला. तिथल्या क्लार्कनं विचारलं, “बायकोचं नाव?” त्यानं अभिमानानं नवं नाव सांगितलं. डेली ऑर्डर पार्ट टू, म्हणजे अशा घरगुती नोंदींचा युनिटचा आदेश, निघाली, सर्व्हिस रेकॉर्डला तेच नाव चढलं. डिस्चार्ज बुकात तेच, पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, वारस म्हणून तेच.

गावात मात्र ते नाव कुणी एक दिवस वापरलं नाही. सासूपासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी माहेरचंच नाव, आक्काताई. रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, घराचा उतारा, सगळं आक्काताई.

“ते नाव मालक पत्रात लिवायचं, मेजर,” बाई म्हणाल्या. “घरी आल्यावर त्यांनीबी कवा हाक मारली न्हाई त्या नावानं.”

ट्रंकेतून त्यांनी चार आंतर्देशीय पत्रं काढून दाखवली. पत्त्यावर निळ्या शाईत ‘सौ. सुलोचना’. ती पत्रं हातात घेताना मला माझी टेबलं आठवली. अशा पार्ट टू ऑर्डरी मी स्वतः शेकड्यांनी टाइप केल्या आहेत. पोरगा रजेवरून लाडूचा डबा घेऊन यायचा, उभ्याउभ्या नाव सांगायचा आणि आम्ही ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवायचो. कागद मागायची पद्धत तेव्हा सैल होती आणि खेड्यात कागद असायचेही नाहीत. चूक कुणाची म्हणून बोट दाखवायला इथं कुणीच नाही. पण त्या एका ओळीवर चाळीस वर्षांनी एखाद्या बाईचा स्टेंट अवलंबून राहणार आहे, हे टाइप करताना माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आज मी या कामाला एवढा वेळ देतो त्याचं कारण बरंचसं हेच आहे.

२०१२ साली फॅमिली पेन्शन सुरू होताना हे कसं निभावलं? खातं जोडीचं होतं, शाखेतली माणसं घर ओळखणारी होती. एका साध्या प्रतिज्ञापत्रावर काम झालं. तेव्हा सोय झाली, पण नाव दुरुस्त करायची वेळ दहा वर्षं पुढं ढकलली गेली.

कुठलं नाव बदलायचं?

इथं गावात दोन तट पडले. बहुतेकांचा सल्ला असा की आधारवरच सुलोचना करून टाका, फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या नादाला लागू नका. ऐकायला हे सोपं वाटतं. पण आधार बदललं की पॅन, बँक, रेशन कार्ड, घराचा उतारा एकामागून एक बदलावं लागतं. शिवाय ज्या नावानं बाईंना अख्खं गाव ओळखतं ते पुसून, ज्या नावानं कुणी ओळखत नाही ते लावायचं. उद्या पोलीस पाटील तरी कसा लिहून देणार की ही सुलोचना?

मी उलट बाजू धरली. एक कागद विरुद्ध सात कागद असतील तर तो एकच दुरुस्त करायचा, भले तो राज्याबाहेरच्या ऑफिसात का असेना. पुतण्याला हे पटायला दोन बैठका लागल्या.

एप्रिल २०२२ मध्ये दंडाधिकाऱ्यांपुढं प्रतिज्ञापत्र केलं : सुलोचना आणि आक्काताई ही एकच व्यक्ती. दोन वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, एक मराठी, एक इंग्रजी. ग्रामपंचायतीचा आणि पोलीस पाटलाचा दाखला घेतला. डिस्चार्ज बुकाची प्रत, पीपीओ, पेन्शनच्या कागदावरचा नवराबायकोचा जोडफोटो लावला. हा जोडफोटो फार कामाचा ठरला, कारण नाव कुठलंही असलं तरी चेहरा तोच होता. आंतर्देशीय पत्रं सरकारी पुराव्यात बसत नाहीत, तरी एकाची झेरॉक्स मी जोडलीच. हे सगळं कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला गेलं. कुरिअरनं परस्पर पाठवायचा मोह होतो, पण कार्यालयाच्या पत्राबरोबर गेलेल्या कागदाला जावक क्रमांक असतो आणि पुढं पाठपुरावा करायला तो क्रमांकच हाताशी लागतो.

जुलैत एक हरकत आली : प्रतिज्ञापत्रात नवऱ्याचा आर्मी नंबर एका आकड्यानं चुकला होता. टाइप करणाऱ्याची चूक आणि माझीही, कारण वाचून सही घेणारा मीच होतो. पुन्हा गारगोटी, पुन्हा स्टॅम्प. नोव्हेंबरात दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली. प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्त पीपीओ आला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. पुतण्याच्या काकूचं नाव सरकारदरबारी आक्काताई व्हायला असे दहा महिने लागले.

मुलाची तारीख

आईचं चालू असतानाच मुलाचे कागद उघडले. अविवाहित मुलगा साधारणपणे पंचवीस वर्षांपर्यंतच, तेही कमावता नसेल तर, ईसीएचएसवर राहतो. पण चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला ही वयाची अट नाही. तो आयुष्यभर अवलंबित राहतो. ही तरतूद कित्येक घरांना माहीतच नाही. पंचविशी उलटली की संपलं, असं समजून अशा पोरांची नावं मागं पडतात.

नाव जुळत होतं, तारीख जुळत नव्हती. रेकॉर्डला ११ ऑक्टोबर १९८३, आधारवर १ जून १९८३. कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही हे कोडं सांगायची गरज नाही. शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावला. पोरगं दोन वर्षं शाळेत जाऊन बसलं, शिकलं काही नाही, ती तारीख तेवढी सोबत घेऊन आलं.

इथं मात्र मी आईच्या उलट केलं. ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत ११ ऑक्टोबरच सापडला, म्हणजे फौजेचं रेकॉर्ड बरोबर आणि आधार चूक. जन्मदाखला काढून आधार दुरुस्त केलं, तीन आठवड्यांत काम झालं. फौजेची नोंद बदलायची की इकडची, याचा ठरलेला नियम नाही. सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा कागद कुठला, ते आधी शोधायचं आणि बाकीचे त्याच्या मागं आणायचे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सीपीआरच्या बोर्डाकडून घेतलं, त्यावर ७५ टक्के.

मार्च २०२३ मध्ये दोघांचा अर्ज ऑनलाइन भरला, मूळ कागद पडताळून झाले, ‘औषधाचं हजार’ बंद केल्याचा कागद जोडला. तो जोडताना बाई गप्प होत्या. मी त्यांना त्यांच्याच महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवली. रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, साखरेची, सगळ्या मिळून हजाराच्या वर जात होत्या. आता त्या पॉलिक्लिनिकमधून मिळतात. एखादी तिथं नसेल तर ‘एनए’ म्हणजे उपलब्ध नाही अशी नोंद करून घ्यायची, म्हणजे ती मिळण्याची पुढची व्यवस्था होते. नोंद न घेता परत आलात तर गोळी पदरची. कार्ड छापून यायच्या आधी पावती मिळते, ती जपून ठेवायची. तिच्यावर उपचार चालतात.

शनिवार रात्र ते सोमवार

१८ नोव्हेंबर २०२३, दिवाळी सरल्यानंतरचा शनिवार. रात्री साडेदहाला बाईंना धाप लागली, आडवं होता येईना, पायांवर सूज. कोल्हापूर पन्नासावर किलोमीटर. पुतण्यानं या वेळी आधी मला फोन केला. मी म्हणालो, गारगोटीत मिळेल त्या दवाखान्यात घाल, जीव आधी. ते हॉस्पिटल पॅनेलवर, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्यांच्या यादीत, नव्हतं.

इमर्जन्सीत पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात गेलं तरी चालतं, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. रुग्ण सावरला की त्याला पॅनेलवरच्या किंवा लष्करी हॉस्पिटलात हलवायचं असतं. रविवारी पॉलिक्लिनिक बंद. म्हणून रविवारी सकाळीच मी कार्डाचा नंबर, दाखल झाल्याची वेळ, हॉस्पिटलचं नाव आणि डॉक्टरांनी लिहिलेलं निदान ईमेलनं पाठवलं. सोमवारी सकाळी पुतण्या तोच मजकूर कागदावर घेऊन दारात हजर झाला आणि पोच घेऊनच निघाला. साडेदहाच्या रात्रीपासून मोजले तर हातात सोमवारची रात्र होती. पण शेवटच्या तासावर कुणी जाऊ नये. गारगोटीच्या डॉक्टरांकडून ‘रुग्णाला जिवाचा धोका होता, दूर नेणं शक्य नव्हतं’ असं इमर्जन्सी प्रमाणपत्रही त्याच दिवशी लिहून घेतलं. डॉक्टर चांगले होते. महिनाभरानं मागितलं असतं तर त्यांना काय आठवणार?

सोमवारी दुपारी बाईंना कोल्हापुरात पॅनेलवरच्या एका हॉस्पिटलात हलवलं. काउंटरवर उत्तर मिळालं, “पोर्टल चालत नाही, आधी वीस हजार डिपॉझिट भरा.” पुतण्या खिशात हात घालणारच होता. पॅनेलवरच्या हॉस्पिटलात ईसीएचएसच्या रुग्णाला कॅशलेस उपचार मिळायला हवेत, डिपॉझिटचा प्रश्नच येत नाही. पण स्ट्रेचरवर काकू असताना ‘भरतो’ म्हणणाऱ्याला कोण दोष देईल? मी फोनवरच होतो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, “ताई, डिपॉझिट मागितलंय असं कागदावर लिहून सही करून द्या. मी पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना, प्रमुख अधिकाऱ्यांना, दाखवतो.” आवाज चढवला नाही. पाऊण तासात पोर्टल चालू झालं. बाईंना सहा दिवस जनरल वॉर्डात ठेवलं, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याला तोच मिळतो. घरी जाताना एक पैसा द्यावा लागला नाही.

जे फौजी शिस्तीत वाढले त्यांना असं अडून बसणं जमतं. त्यांच्या बायकांना जमत नाही. रांगेत मागं उभं राहायची आणि ‘साहेब सांगतील तसं’ म्हणायची सवय त्यांना आपणच लावलेली आहे. पॅनेलवरच्या हॉस्पिटलांची बिलं सरकारकडून उशिरा येतात, हे मला माहीत आहे, त्यांची अडचण खोटी नाही. तरी तो उशीर स्ट्रेचरवरच्या म्हातारीकडून वसूल करायचा नसतो.

गारगोटीचं बिल ४१,३०० झालं होतं. त्याचा दावा पॉलिक्लिनिकमधून लावला. सोबत डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल, प्रत्येक पावती, औषधांच्या चिठ्ठ्या, इमर्जन्सी प्रमाणपत्र, ४८ तासांतली पोच आणि रद्द केलेला चेक. सात महिन्यांनी २७,८६० रुपये जमा झाले. पुतण्याला वाटलं फसवलं. तसं नव्हतं. अशा दाव्यात सरकारी दर, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, सीजीएचएसचे दर किंवा प्रत्यक्ष खर्च, यांतलं जे कमी तेवढंच मिळतं. हॉस्पिटलनं नर्सिंगचे वेगळे पैसे लावले होते, सरकारी दरात ते वॉर्डाच्या भाड्यातच धरलेले असतात. तेरा हजारांच्या वर पदरचे गेले. २०२२ च्या बिलाशेजारी हा आकडा ठेवला तेव्हा पुतण्या शांत झाला.

अजून राहिलेलं

बाई आता ठीक आहेत. महिन्यातून एकदा सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला जातात, मुलाला बरोबर घेऊन. बोरमाळ गेल्या वर्षी सुटली.

मुलाचं काम मात्र अर्धंच झालं आहे. आई आहे तोवर तो तिच्या कार्डावर आहे. ती गेल्यावर त्याला फॅमिली पेन्शन चालू झाली तरच त्याचं ईसीएचएस टिकेल, कारण सदस्यत्व पेन्शनच्या मागून येतं. अपंग मुलाला ही पेन्शन आयुष्यभर मिळू शकते आणि त्याचं नाव आईच्या हयातीतच पीपीओवर चढवून घेता येतं. तो अर्ज गेला आहे. त्यावर हरकत आली, की मुलगा स्वतः व्यवहार करू शकत नसेल तर पालक कोण? म्हणून आता राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज केला आहे. पालक म्हणून पुतण्याचं नाव आहे.

अर्जावर आईची सही हवी होती. बाई अंगठा लावायच्या, पण या वेळी म्हणाल्या, सही करते. पुतण्याच्या पोरीनं वहीवर गिरवून घेतलं होतं. पाच मिनिटं लागली. त्यांनी लिहिलं ‘आक्काताई’, मग पेन तसंच धरून मला विचारलं, “म्होरं सुलोचनाबी लिवू का? न्हाईतर परत कुणी इचारंल.”

मी नको म्हणालो. दुरुस्त पीपीओची प्रत अर्जाला जोडली आहे. समितीपुढं तारीख पडली की आम्ही तिघं आणि तो मुलगा कोल्हापूरला जाणार आहोत.